धाकटीचा चेहरा

जवसाच्या तेलाचा वास आला की मला आधी भूक लागते आणि मग नाना आठवतात. लहानपणी आमच्या घरी जवस यायचे ते चटणीपुरते. पण थोरला भाऊ, म्हणजे हे नानाच, चित्रकला शिकायला शहरात गेला आणि सुटीत परतताना अंगाला तोच वास घेऊन येऊ लागला, तेव्हा मला वाटलं, तिकडं याला तिन्ही त्रिकाळ जवसाची चटणीच वाढतात की काय. रंग कालवायलाही तेच तेल लागतं हे पुढं कळलं. आता आम्ही दोघंही म्हातारे झालो, आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या पूर्वेकडच्या खोलीत तो वास भिंतींत असा मुरला आहे, की नवा रंग दिला तरी चार दिवसांत पुन्हा वर येतो. सकाळचं ऊन त्या खोलीत शिरतं ते खिडकीबाहेरच्या कडुलिंबातून गाळून, आणि त्या हिरवट-पिवळ्या उजेडात नाना चित्रासमोर बसलेले असतात. मान किंचित डावीकडं वळवलेली, जणू चित्राशेजारी आणखी कुणी उभं आहे आणि ते त्याच्याकडं पाहत आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला हा चित्राचा अनादर वाटतो. ते तसे का बसतात हे सांगायचं, तर त्यांच्या डोळ्यांपासून सुरुवात करायला हवी.

आजाराचं नाव उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि मुद्दाम विसरले. अर्थ तेवढा लक्षात राहिला. डोळ्याच्या मधोमध एक राखी डाग पडतो आणि हळूहळू पसरत जातो. कडा शाबूत राहतात. माणूस भिंतीला धडकत नाही, जिना उतरतो, ताटातली वाटी कुठं आहे ते त्याला उमगतं. मात्र ज्या वस्तूकडं तो सरळ पाहील, नेमकी तीच नाहीशी होते. पाहणं हाच ज्याचा श्वासोच्छ्वास, त्याच्या वाट्याला असा विकार यावा, याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही. सुरुवात तशी हसण्यावारी नेण्यासारखी होती. एका सकाळी नानांना दाराची चौकट वाकलेली दिसली, आणि ज्यानं हे घर बांधलं त्या गवंड्याचा, तो बिचारा केव्हाच वारलेला असताना, त्यांनी यथेच्छ उद्धार केला. मग विजेच्या तारा वाकल्या, वर्तमानपत्रातल्या ओळी वाकल्या, आणि शेवटी माझं नाक वाकडं दिसू लागलं तेव्हा स्वारी दवाखान्यात यायला तयार झाली. डॉक्टर म्हणाले, बरं होण्यासारखं नाही. किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. परतताना रिक्षात नाना म्हणाले, "लई बेतानं काम केलंय, शकू. कडा-कडा ठेवल्यात आन मधला गाभा तेवढा काढून नेलाय."

माझ्या आठवणीतले नाना नेहमी उभेच असतात. आम्ही दोघांनी एकाच शाळेत शिकवलं. मी मराठी, ते चित्रकला. दुपारच्या तासाला माझ्या वर्गाच्या खिडकीतून त्यांचा वर्ग दिसायचा: बाकांच्या मधून संथ येरझारा घालणारी ती उंच, जराशी वाकलेली आकृती, पाठीमागं गुंफलेले हात, आणि मध्येच एखाद्या मुलीच्या कागदावर उतरणारा तो रुंद अंगठा. मुली माणूस काढायला बसल्या की आधी चंद्रासारखा गोल चेहरा काढत, त्याला पापण्या लावत, टिकली लावत, आणि मग धडाला कागदावर जागाच उरत नसे. नाना तो चेहरा अंगठ्यानं पुसून टाकत. "आधी माणूस उभा करा," ते म्हणत, "पाय जमिनीला टेकू द्या त्याचे, पाठीला वजन येऊ द्या. तो नीट उभा ऱ्हायला की तोंड त्याचं तोच घेऊन येतो." चुकलेल्या रेषेवर माया करणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. पुसलं नाही तर बोटं खोटं बोलायला शिकतात, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःच्या चित्रांनाही त्यांनी कधी सवलत दिली नाही. चेहरा शेवटी, नेहमी शेवटी, सगळं चित्र वाळून सिद्ध झाल्यावर. आमच्या वहिनी हयात असताना चिडवायच्या, की हे मला बघायला आले तेव्हाही यांनी आधी पायच बघितले. हे खरं होतं, असं नाना अजून सांगतात.

आणि अशा माणसाला आयुष्यभर हुलकावणी दिली ती एका चेहऱ्यानं, जो कुणीच कधी पाहिला नव्हता.

ती कादंबरी जुनी, आमच्या जन्माच्याही आधीची. नाव सांगत नाही. ज्यांनी वाचली आहे ते पहिल्या खुणेला ओळखतील, आणि ज्यांनी वाचली नाही त्यांना नावानं काय कळणार? गोदावरीकाठच्या एका गावात साथ येते. घरोघर माणसं पडू लागतात, आणि उरलेलं गाव बैलगाड्या जुंपून रानात राहायला निघतं. एका घरातली म्हातारी तापानं फणफणलेली, तिला नेणार कोण? जिनं त्या सासूचा सगळ्यात जास्त जाच सोसला ती धाकटी सूनच मागं राहते. सगळी कादंबरी तिला धाकटीच म्हणते; नाव असं नाहीच. गाड्या हलतात, धुरळा उठतो, धाकटी घरात जायला वळते, एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकते आणि एकदाच मागं वळून बघते. बस्स. लेखकानं तिचे हात सांगितले आहेत, टाचांच्या भेगा सांगितल्या आहेत, लुगड्याचा विटलेला रंग सांगितला आहे, पण त्या वळून पाहण्यात काय होतं ते सांगितलं नाही, आणि शेवटच्या पानापर्यंत तिच्या चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. यावरून आम्हा भावंडांत वर्षानुवर्षं वाद. मी म्हणायची, त्या नजरेत संताप होता. सोडून जाणाऱ्यांचा आणि राहायला लावणाऱ्यांचाही. वहिनी म्हणायच्या, निरोप होता, पोरीला ठाऊक होतं आपण मरणार. वर्गातल्या मुली म्हणत, तिला कुणीतरी थांबवावं असं वाटत होतं. नाना आमचं सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "बोलून ते निघणार नाय. मी काढून दाखवीन तुम्हाला." आज काढू, उद्या काढू करता करता नोकरी संपली, वहिनी गेल्या. माझा संसार मुळात झालाच नव्हता. उरलो आम्ही दोघं. दवाखान्यातून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी नानांनी मला कपाटातून ते पुस्तक काढायला सांगितलं. नजर जायच्या आत धाकटी कॅनव्हासवर उतरवायची, याखेरीज त्यांनी देवाकडं काही मागितल्याचं मला माहीत नाही.

मग त्या खोलीत एक निराळीच शाळा भरू लागली. मी खिडकीशी बसून वाचायची आणि नाना ऐकत ऐकत रंगवायचे. एकच प्रकरण, पुन्हा पुन्हा; मला ते पाठ झालं तरी पुस्तक हातात धरूनच वाचायचं असा त्यांचा आग्रह. मध्येच कुंचला वर करून ते विचारायचे, "थांब. हात कुठं ठेवलाय म्हणली? चौकटीवर का भिंतीवर?" मी मागची ओळ पुन्हा वाचायची. पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि थंडीच्या त्या कोवळ्या, स्वच्छ प्रकाशात एकेक वस्तू धुक्यातून बाहेर यावी तशी येत गेली. गाड्यांच्या चाकोऱ्या आल्या. धुरळा आला, आणि त्यातून परतून पाहणारा एक बैल. मातीनं सारवलेली उन्हातली भिंत आली, चौकट आली, चौकटीवर टेकलेला हात आला. त्या हाताच्या बोटांची पेरं अशी सुजलेली आणि खरी, की मी नकळत माझ्या बोटांकडं पाहिलं. धाकटी पाठमोरी वळलेली, एक टाच उंबऱ्याबाहेर, देह आत निघालेला आणि मान तेवढी आपल्याकडं फिरलेली. म्हणजे आपण गाडीत बसलो आहोत आणि ती मागं राहते आहे. चित्रासमोर उभं राहिलं की आपण निघून चाललो आहोत असं मला वाटायचं. फक्त पदराच्या आत, जिथं चेहरा हवा, तिथं कोरी माती होती. सबंध कॅनव्हासला नानांनी सुरुवातीला मातकट रंगाचा एक हात दिला होता, तोच तिथं राखून ठेवला होता, आणि शेजारच्या भिंतीलाही तोच रंग पातळ करून ठेवला होता.

वैशाली दर रविवारी यायची. ती आम्हा दोघांचीही विद्यार्थिनी, आता स्वतः मुकुंदवाडीकडं एका शाळेत चित्रकला शिकवते. तिनं ती कोरी जागा पाहिली आणि पहिल्याच रविवारी सगळं ओळखलं.

"सर, एक बोलू का? रागावू नका," ती म्हणाली. "यावेळी चेहरा आधी करा. बैल, भिंत मागून होईल की. नाही झालं तर मी भरून देईन."

"बैल तू भरणार?"

"भरीन की. तुम्हीच शिकवलाय."

"आन तिचं काय करू? पाय नाय, पाठ नाय, नुसतं मुंडकं टांगून ठेवू व्हय? तिला उभी तर ऱ्हाऊ दे आधी."

"पण सर, डोळे..."

"डोळ्याचं मला म्हाईत हाय," नाना म्हणाले, आणि तो विषय तिथंच मिटला.

मीही सांगून पाहिलं. गोडीनं, रागावून, एकदा तर जेवणावर बहिष्कार घालून. उपयोग शून्य. ज्या नियमानं त्यांनी आयुष्यभर चित्रं काढली तो नियमच त्यांना बुडवायला निघाला होता, हे मला दिसत होतं, वैशालीला दिसत होतं, आणि माझी खात्री आहे की त्यांनाही दिसत होतं. पण चेहरा आधी काढणारा माणूस नाना नव्हता, आणि नाना नसलेल्या माणसानं काढलेली धाकटी त्यांना नको होती. मी फक्त वाचत राहिले. वाचण्यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं, आणि वाचून वाचून ती जागा भरत नव्हती.

माघ लागला तशी डागाची चाल वाढली. रंगांच्या नळ्यांवरची नावं मी वाचून देऊ लागले. मग नळी उघडल्यावरही ते विचारू लागले, "हा पिवळाच ना?" असा प्रश्न नानांच्या तोंडून ऐकणं म्हणजे गवयानं सूर कुठला लागला ते शेजाऱ्याला विचारणं. ते माझ्याकडं पाहून बोलायचे तेव्हा त्यांची नजर माझ्या कानामागं कुठंतरी जायची, आणि मी त्यांना विचारलं नाही, पण मला ठाऊक होतं की त्यांच्यासाठी माझा चेहरा केव्हाच गेला आहे. पदराची एक कड त्यांना दिसेना. मग मी त्यांचं बोट धरून कॅनव्हासवर टेकवायची, इथून वर, इथून खाली, असं सांगायची, आणि ते त्या बोटाच्या आधारानं दुसऱ्या हातानं रेघ ओढायचे. अशी त्यांनी लुगड्याची किनार पुरी केली. ती सरळ आली. त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा मागितला.

किनार वाळल्यावर चेहऱ्याशिवाय काही उरलं नाही. वैशालीनं एका रविवारी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही सांगाल तशी मी काढते. हात माझा, नजर तुमची." नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, माझा घास तू चावून दिला तर पोट भरंल माझं, पण चव तुझ्याच तोंडात ऱ्हाईल." ती स्वयंपाकघरात येऊन रडली. मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार? मलाच कुणीतरी काही द्यावं असं वाटत होतं.

चैत्रातला तो दिवस नळाचा होता. आमच्याकडं नळ आला म्हणजे घरातल्या बाईमाणसाला दुसरं काही सुचत नाही; कितीतरी दिवसांचं पाणी त्या तासा-दोन तासांत भरून घ्यायचं असतं. मी मागच्या अंगणात पिंपापाशी होते, धार बारीक होती, आणि गल्लीत सगळीकडं पाणी ओढणाऱ्या मोटारींची घरघर. कडुलिंब फुलला होता, त्याची बारीक पांढरी फुलं बादलीत पडत होती आणि मी ती निपटून काढत होते. मुकुंदवाडीकडून आगगाडीची शिट्टी आली. नानांनी मला हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. त्यांनी मारलीच नाही.

हात पुसत मी खोलीच्या दाराशी आले तेव्हा ते पाठ टेकून बसले होते. कुंचला मांडीवर, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असं समाधान की वहिनी गेल्यापासून मी तसं पाहिलं नव्हतं.

"शकू," ते म्हणाले, "ती आली होती. कडंला उभी ऱ्हायली. बघायला गेलो की जायची, नाय बघितलं की परत यायची. मग मी बघितलंच नाय, हात तेवढा सोडला. बघ बरं, बसली का?"

मी पाहिलं. एक स्त्री माझ्याकडं पाहत होती. नानांनी उभ्या आयुष्यात काढलेल्या सगळ्या चेहऱ्यांना ओवाळून टाकावं असा तो चेहरा होता, ओला, जिवंत, आत्ताच श्वास घेतल्यासारखा. आणि तो चित्रातल्या भिंतीवर होता. पदराच्या आत ती कोरी माती तशीच होती, आणि तिच्या शेजारी, चौकटीच्या पलीकडं, सारवलेल्या भिंतीत तो चेहरा कोरल्यासारखा उमटला होता. दोन्हीकडं रंग तोच. कुठं धाकटी संपते आणि कुठं भिंत सुरू होते ते नानांच्या डोळ्यांना कळलं नव्हतं. जिथं ती त्यांना उभी दिसली तिथंच त्यांनी तिला काढलं होतं.

"बोल की," नाना म्हणाले.

"लई देखणी उतरलीय, नाना."

"मग आवाज असा का निघायलाय तुझा?"

चाळीसेक वर्षं एका घरात राहिलेल्या माणसापासून गप्प बसूनही काही लपवता येत नाही. त्यांनी हात पुढं केला. मी त्यांचं बोट धरलं आणि, देवा, क्षणभर माझ्या मनात आलं की ते चेहऱ्यावरच टेकवावं आणि काही सांगू नये. पण त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट आधीच पदराच्या वाळलेल्या काठावर गेलं होतं. तिथून ते आत सरकलं, आणि त्याला कोरडी, गुळगुळीत माती लागली. ओला रंग कुठंच नव्हता.

"कुठं गेली?"

"भिंतीवर."

त्यांनी हात मागं घेतला. बाहेर शेजारच्यांची मोटार बंद झाली आणि एकाएकी सगळं शांत झालं. ते म्हणाले, "पूस."

"नाही पुसणार."

"ओली हाय तवर पूस. वाळली की खरवडावी लागंल."

"राहू द्या ना, नाना. वैशाली काहीतरी मार्ग काढील. नाहीतर फोनवर फोटो तरी काढते मी."

"चुकलेल्याचा फोटो काढतं व्हय कुणी? अख्खा जल्म पोरींचं पुसत आलो. माझं चुकलं तर ठेवायचं, आन त्यांचं पुसायचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "चित्र माझं हाय, शकू. पूस."

फोटो गुपचूप काढता आला असता. ते पाहू शकत नव्हते. पण ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर उभं राहून त्याची फसवणूक करणं माझ्यानं झालं नाही, आणि त्याबद्दल मला कुणी मूर्ख म्हटलं तर खुशाल म्हणावं. मी फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवलं. नाना खुर्चीतून सांगत होते, "कडंकडून आत पूस. बाहीरनं आत. नायतर भिंत माखंल सगळी." मी बाहेरून आत पुसत गेले. हनुवटी गेली, गाल गेले, कपाळ गेलं. शेवटी दोन डोळे उरले आणि ते माझ्याकडं पाहत राहिले तोवर मी थांबले. मग तेही पुसले. "भिंत नीट झाली?" त्यांनी विचारलं. झाली, मी म्हटलं. मग मी मागच्या अंगणात गेले आणि भरलेल्या पिंपाला धरून पोटभर रडले.

पुढचे कितीतरी दिवस नाना त्या खुर्चीत बसले, मान डावीकडं वळवून, हातात कोरडा कुंचला घेऊन. ती परत आली नाही. उन्हाळा तापला, खोलीतला उजेड हिरवा होता तो पांढरा झाला, आणि डागानं आता कडांनाही हात घातला. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. रोज सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते तिथं येऊन बसत, कुणी यायचं कबूल केलं असावं तसे. हे पाहणं मला सगळ्यात जड गेलं. त्यांची समजूत काढायला मी जायची आणि पंख्याचा वेग वाढवून परत यायची.

रविवारी वैशाली आली, तिला सगळं सांगितलं. ती पुष्कळ वेळ त्या भिंतीसमोर उभी राहिली. मग पिशवीतून तिनं कागद आणि कोळसा काढला आणि माझ्यासमोर बसली. "बाई, तुम्ही पाहिलाय ना? तुम्ही सांगा. मी काढते. कपाळ कसं होतं?"

"बेताचं."

"रुंद की अरुंद?"

"अरुंद नाही म्हणता यायचं."

"भुवया? जवळ होत्या की लांब?"

मी डोळे मिटले. चेहरा समोर होता, लख्ख होता, आणि त्यातलं मला काहीही सांगता येईना. आयुष्यभर मी मुलींना माणसांची वर्णनं लिहायला लावली. धारदार नाक, पाणीदार डोळे असलं काही लिहिलं की तांबड्या पेनानं खाली रेघ मारली, नेमकं लिहा म्हणून बजावलं. आता नेमकं सांगायची वेळ माझ्यावर आली होती आणि माझ्या तोंडून पाणीदार डोळेच बाहेर पडत होते. वैशाली काढायची, कागद फिरवून दाखवायची, "अशी?" मी मान हलवायची. प्रत्येक कागदावर एकेक बाई उमटत होती, भली, सुरेख बाई, आणि त्यातली एकही ती नव्हती. जमिनीवर कागद पसरले. माझ्या चुकीच्या शब्दांतून जन्मलेल्या त्या सगळ्या बायका छताकडं बघत पडल्या होत्या.

"वैशाले, नको छळू तिला," नाना खुर्चीतून म्हणाले. "शब्दानं नाक निघत नसतं." मग माझ्या दिशेनं मान वळवून, त्यांनी तो प्रश्न विचारला जो ते इतके दिवस विचारतील म्हणून मी भीत होते. त्यांच्या हातून ती उतरली होती. पाहिली मात्र नव्हती त्यांनी. "एवढंच सांग मला, शकू. रागात होती का?"

"नाही, नाना."

"रडवेली?"

"नाही."

"मग कशी व्हती?"

मी खूप विचार केला. "सगळ्यांनी प्यायचं पाणी बरोबर घेतलं का, असं विचारत असल्यासारखी."

नानांनी ते ऐकलं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हवेत, अगदी सावकाश, कुणाचा तरी चेहरा ओंजळीत धरावा तसे ते धरून ठेवले, आणि काही वेळानं खाली घेतले. वैशाली कागद गोळा करू लागली. मी उठून तिला मदत केली.

त्यानंतर मी एक नेम धरला आहे. सकाळी उठले की अंथरुणावरच डोळे मिटून तो चेहरा एकदा पाहून घ्यायचा, म्हणजे तो हरवणार नाही. विसरणं म्हणजे पाटी कोरी होणं, अशी माझी समजूत होती. काळ इतका सरळ वागत नाही, तो जागा रिकामी ठेवतच नाही, गेलेल्याच्या ठिकाणी आपल्याच घरातलं कुणीतरी आणून बसवतो. तो चेहरा आता दिवसेंदिवस आमच्या आईसारखा होत चालला आहे, आणि तो आईसारखा नव्हता, एवढंच त्याच्याविषयी मला आता खात्रीनं सांगता येतं.